संस्थेचं नाव की केलेलं काम: भरतीच्या टेबलाच्या या बाजूने

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्याने साधारण कॉलेजातून पदवी घेतली, तीन वर्षं नोकरी केली, काम बरं चाललंय. आता एका नामांकित संस्थेत दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय. फी मोठी आहे, कर्ज काढावं लागेल. नोकरी सोडून जावं का? करिअरमध्ये शेवटी किंमत कशाला, संस्थेच्या नावाला की कामाच्या अनुभवाला?

मी बरीच वर्षं भरतीचं काम करतोय. आधी एका कंपनीच्या एचआर विभागात होतो, नंतर वेगवेगळ्या कंपन्यांना उमेदवार शोधून देऊ लागलो. उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. समोरच्याकडे तुमच्या कामाचा पुरावा जितका कमी, तितकं संस्थेच्या नावाचं वजन जास्त. पुरावा वाढत गेला की नाव मागे पडत जातं. बहुतेक क्षेत्रांत हे पहिल्या काही वर्षांतच घडतं, काही क्षेत्रांत मात्र कधीच पुरतं घडत नाही. आणि अनुभव म्हणजे नुसती भरलेली वर्षं असं कुणी धरून चालत असेल, तर ती वर्षंही फारसा पुरावा देत नाहीत. याकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर पुढे जास्त लिहिलंय.

एका जागेची जाहिरात निघते आणि अर्जांचा ढीग येतो. ते चाळणाऱ्याच्या डोक्यावर त्याच दिवशी आणखी चार जागांचं काम असतं. पहिल्या फेरीत एका बायोडेटावर नजर फिरते ती जेमतेम काही क्षण. तेवढ्यात कोण किती समजूतदार, कोण अडचणीत डोकं शांत ठेवतो, हे कळायची सोय नसते. डोळ्यांत भरतात त्या तीन गोष्टी: आधीच्या कंपनीचं नाव, पदाचं नाव आणि शिक्षणसंस्थेचं नाव. नवख्याच्या बायोडेटात पहिल्या दोन नसतातच, त्यामुळे सगळा भार तिसरीवर येतो.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली हीच गोष्ट अर्थशास्त्राच्या चौकटीत बसवली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. पण एखादी पदवी मिळवणं कुवत असलेल्याला तुलनेने सोपं आणि नसलेल्याला फार जड जात असेल, तर ती पदवी कुवतीची खूण म्हणून चालते, मग वर्गात काही शिकवलं गेलं असो वा नसो. २००१ साली जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर स्पेन्स यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हे काम होतं.

हा निव्वळ सिद्धान्त नाही. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँका, कायदा फर्म आणि सल्लागार कंपन्यांत भरती करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेतल्या. ही मंडळी मोजक्या संस्थांच्या नावांवर प्रचंड भर देत होती, पण तिथल्या शिकवण्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. त्यांचा विश्वास होता तो प्रवेशाच्या चाळणीवर: आत शिरायला इतकं अवघड आहे, म्हणजे आत गेलेला हुशारच असणार. म्हणजे एखाद्याने कोवळ्या वयात एक प्रवेशप्रक्रिया पार केली, तो निकाल कंपनी काही वर्षांनी आपला म्हणून वापरते. मला हे पटत नाही. पण ते का घडतं हे मी रोज पाहतो. चाळणाऱ्याला आपली निवड वरिष्ठांपुढे सांगायची असते. नामांकित संस्थेचा उमेदवार फसला तर त्याला कुणी बोल लावत नाही. अनोळखी संस्थेचा फसला तर ‘याला कुठून आणलंत?’ हा प्रश्न ठरलेला. नावाच्या बळाचा मोठा भाग निवडणाऱ्याच्या या भीतीतून येतो आणि अर्ज करणाऱ्याला तो कधी दिसत नाही.

नामांकित संस्थेतले लोक पुढे जास्त कमावतात, यात शंका नाही. पण ते श्रेय संस्थेचं की मुळात तिथे पोचणाऱ्या माणसांचं? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी हा गुंता सोडवायला सुंदर युक्ती केली. १९७६ साली अमेरिकेत कॉलेजला गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती त्यांच्याकडे होती. ज्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार-नकार मिळाले, त्यांची त्यांनी आपापसांत तुलना केली. काही जण जास्त नावाजलेल्या कॉलेजात गेले, काहींनी कमी नावाजलेलं निवडलं. २००२ साली निष्कर्ष छापून आला: कॉलेजच्या निवडकपणामुळे पुढच्या कमाईत सरासरी म्हणावा असा फरक पडला नाही. अर्ज करण्याइतकी महत्त्वाकांक्षा आणि प्रवेश मिळण्याइतकी तयारी ज्याच्याकडे होती, तो कुठेही गेला तरी साधारण तेवढंच कमावत होता.

इथे थांबलं तर ‘नावाला काही अर्थ नाही’ असं वाटेल. अनेक जण इथेच थांबतात आणि तरुणांना तसंच सांगतात. पण त्याच अभ्यासात एक अपवाद होता आणि तो मला मूळ निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. गरीब घरांतून आलेल्यांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला होता. याच दोघांच्या पुढच्या कामात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाचे) विद्यार्थी, तसंच कमी शिकलेल्या आईवडिलांची मुलं यांच्या बाबतीत असाच फायदा दिसला. कारण उघड आहे. ज्याच्या घरातच वकील, व्यवस्थापक, बँकेतले अधिकारी आहेत, त्याच्याबद्दल शब्द टाकायला कुणीतरी असतं. ज्याच्या घरात त्या जगातलं कुणीच नाही, त्याच्यासाठी तो शब्द संस्था टाकते. म्हणून ओळखीपाळखी असलेला कुणी ‘कॉलेजने काही होत नाही रे’ म्हणाला, तर तो त्याच्यापुरतं खरं बोलत असतो, पण तुमच्यासाठी ते खरं असेलच असं नाही.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ साली अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या १२ खासगी विद्यापीठांचा असाच अभ्यास मांडला. प्रतीक्षायादीवरच्या अर्जदारांपैकी ज्यांना शेवटी प्रवेश मिळाला आणि ज्यांना नाही, त्यांची त्यांनी तुलना केली. चांगल्या सरकारी विद्यापीठाऐवजी या संस्थांत गेल्याने सरासरी कमाई फारशी बदलली नाही. पण कमाईच्या सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढली, आणि प्रतिष्ठित कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट झाली. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की चित्र नीट दिसतं. चांगली नोकरी, चांगलं घर, समाधानकारक प्रगती यासाठी नाव फार लागत नाही. शिखरावरच्या मोजक्या खुर्च्यांसाठी मात्र ते लागतं, कारण तिथे सगळेच लायक असतात आणि निवड अगदी बारीक फरकांवर होते.

आणि त्या शिखरावरही नाव सगळ्यांना सारखं पावत नाही. सेथ झिमरमन यांनी चिली देशातल्या व्यवसायाभिमुख उच्चभ्रू अभ्यासक्रमांच्या प्रवेशाचा कट-ऑफ घेतला आणि त्याच्या किंचित वर व किंचित खाली राहिलेल्यांची तुलना केली. प्रवेश मिळालेल्यांच्या वाट्याला आलेली कंपन्यांतली नेतृत्वपदं ४४ टक्क्यांनी वाढली होती. मात्र हा सगळा फायदा महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांना मिळाला होता. मुलींना आणि साध्या शाळांतल्या मुलांना त्या वरच्या पदांच्या बाबतीत काहीच मिळालं नाही, पदवी तीच असूनही. २०१९ साली आलेला हा निष्कर्ष वाचून मला त्रास झाला होता, पण धक्का बसला नाही. वरच्या पदांच्या निवडीत शेवटच्या टप्प्यावर ‘हा आपल्यात बसेल का’ असा विचार होतो आणि तो बायोडेटा बाजूला ठेवून होतो. तेव्हा तुमच्या परिस्थितीतल्या माणसाला नावाचा उपयोग पहिल्या चांगल्या संधीपर्यंत भरपूर आणि सर्वोच्च खुर्चीपर्यंत कमी, असा हिशोब मी धरेन.

नाव किती काळ टिकतं, याचंही बऱ्यापैकी उत्तर उपलब्ध आहे. जोसेफ अल्टोंजी आणि चार्ल्स पियरे यांनी २००१ साली दाखवलं की नोकरीची वर्षं वाढतात तसा पगारावरचा शिक्षणाचा प्रभाव कमी होत जातो आणि सुरुवातीला मालकाला न दिसलेल्या कुवतीचा प्रभाव वाढत जातो. फाबियन लांगे यांनी २००७ साली त्याचा वेग मोजला: उमेदवाराबद्दल मालकाने सुरुवातीला केलेल्या अंदाजातली चूक साधारण तीन वर्षांत निम्मी होते. प्रश्न विचारणाऱ्याची तीन वर्षं नुकतीच पूर्ण झालीत, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. त्याच्या सध्याच्या कंपनीत कॉलेजच्या नावाचा प्रश्न बराचसा संपलेला आहे. तो आता उठेल तो कंपनी बदलताना, अनोळखी माणसासमोर.

कोलंबिया या देशातला एक अभ्यास मला या सगळ्यात फार आवडतो. तिथे पदवी संपताना देशभर विषयवार सामाईक परीक्षा घेतली जाऊ लागली. ती लागू झाल्यावर कॉलेजच्या नावामुळे मिळणारा जास्तीचा पगार घटला आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कुवतीला मिळणारा मोबदला वाढला. नोकरी देणाऱ्याला दुसरा विश्वासार्ह पुरावा मिळाल्याबरोबर त्याने नावावर टेकणं कमी केलं. त्याच संशोधकांना असंही दिसलं की नामांकित कॉलेजातल्यांची पगारवाढ पुढेही जास्त वेगाने होत होती. वरच्या परिच्छेदातल्या निष्कर्षांशी हे जुळत नाहीसं वाटेल. माझ्या अनुभवात दोन्ही खरं असतं. पहिली नोकरी चांगल्या जागी लागली की तिथे कठीण काम मिळतं, शिकवणारे वरिष्ठ मिळतात, आणि त्यातून दुसरी नोकरी आणखी चांगली लागते. नाव मागे पडलं तरी त्याने मिळवून दिलेली सुरुवात पुढे व्याज देत राहते.

पहिल्या जागेचं हे महत्त्व कॅनडातल्या पदवीधरांच्या अभ्यासातही दिसतं. मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती. पाच वर्षांत ही तूट निम्मी झाली आणि भरून निघायला साधारण दहा वर्षं लागली. ज्यांनी भरून काढली त्यांनी मुख्यतः कंपन्या बदलत चांगल्या ठिकाणी सरकून ती काढली. वाईट सुरुवात म्हणजे जन्माची शिक्षा नव्हे, पण ती आपोआप सुधारतही नाही, हलावं लागतं.

आता अनुभवाकडे वळतो, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे.

जाहिरातीत आम्ही लिहितो: किमान पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. ही अट इतकी रूढ आहे की तिच्यामागे काही आधार असेल असं सगळे गृहीत धरतात. चॅड व्हॅन इडेकिंगे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली या विषयावरचे ८१ अभ्यास एकत्र केले. नोकरीत येण्याआधीचा अनुभव आणि नव्या नोकरीतली कामगिरी यांचा संबंध निघाला ०.०६. शून्य म्हणजे संबंधच नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशा मोजपट्टीवर हा आकडा जवळजवळ शून्यच आहे. अनुभवी माणूस नोकरीत जास्त टिकतो असंही त्यात दिसलं नाही. त्याआधी २००५ साली डॉक्टरांबद्दलचे ६२ अभ्यास तपासले गेले होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायाची वर्षं वाढली तशी ज्ञानाची किंवा उपचारांच्या गुणवत्तेची पातळी उतरलेली होती. बहुधा शिक्षणाच्या वेळी जे प्रमाण मानलं होतं ते बदललं आणि अनेक जण जुन्यावरच राहिले.

याचा अर्थ अनुभव निरुपयोगी असा नाही. वर्षं हे अनुभवाचं फार वाईट माप आहे, एवढाच. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ माणसाच्या अंतःप्रेरणेबद्दल एकमेकांच्या विरुद्ध मतांचे होते. २००९ साली त्यांनी एकत्र बसून लिहिलेल्या लेखात एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं: अनुभवातून खरी पारख तेव्हाच तयार होते, जेव्हा कामात काही नियमितपणा असतो आणि आपला निर्णय बरोबर होता की चूक हे लवकर आणि स्पष्ट कळतं. अग्निशमन दलाच्या प्रमुखाला ते मिनिटांत कळतं. शेअर निवडणाऱ्याला वर्षानुवर्षं कळत नाही आणि कळलं तरी नशिबाचा वाटा वेगळा काढता येत नाही. दोघांची वीस-वीस वर्षं बायोडेटात सारखीच दिसतात.

मुलाखतीत हा फरक पाच मिनिटांत बाहेर येतो. समजा, मालसाठ्याचं नियोजन करणारे दोन उमेदवार आहेत. दोघांची पाच वर्षं, एकच पद, जवळपास एकच पगार. मी विचारतो, ‘तुम्ही स्वतः घेतलेला, पण नंतर बदलावा लागलेला एक निर्णय सांगा.’ पहिला म्हणतो, ‘आम्ही सगळी प्रक्रिया सुधारली, टीमने खूप मेहनत घेतली.’ काय सुधारलं हे तीनदा विचारलं तरी उत्तर तिथेच फिरत राहतं. दुसरी सांगते की कोणत्या मालाची मागणी तिने जास्त धरली होती, कोणत्या महिन्यात गोदाम तुंबलं, विक्री विभागाने तिला काय सुनावलं, मग तिने मागच्या दोन वर्षांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा कोणती गोष्ट सापडली, आणि त्यानंतर अंदाज बांधायची पद्धत नेमकी कशी बदलली. मी आक्षेप घेतला तर ती त्याचाही विचार आधी केलेला असल्यासारखं बोलते. तिच्या बायोडेटावर कुठल्या संस्थेचं नाव होतं हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नसतं. पहिल्याची पाच वर्षं म्हणजे बऱ्याचदा एकाच वर्षाची पाच आवर्तनं असतात, आणि त्यात दोष नेहमी त्याचा असतो असंही नाही. त्याला निर्णय घ्यायलाच दिले गेले नसतील, किंवा चूक झाली तर ती त्याच्यापर्यंत पोचूच दिली नसेल.

अनुभवाचा काही भाग तर माणसाचा नसतोच, कंपनीचा असतो. बोरिस ग्रोयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजारातल्या, हजाराहून अधिक नावाजलेल्या विश्लेषकांचा माग काढला. त्यांच्यातले जे दुसऱ्या कंपनीत गेले, त्यातल्या अनेकांची कामगिरी लगेच घसरली. ज्यांनी आपले सहकारीही सोबत नेले, त्यांची कमी घसरली. आधीच्या जागची यंत्रणा, ओळखी, मदत करणारी माणसं हे सगळं त्यांच्या ‘कौशल्या’त मिसळलेलं होतं. म्हणून स्वतःच्या अनुभवाकडे पाहताना हे विचारायला हवं: उद्या मी दुसऱ्या कंपनीत, वेगळ्या सॉफ्टवेअरवर, अनोळखी माणसांत बसलो, तर यातलं काय माझ्याबरोबर येईल?

क्षेत्रांमधला फरक मोठा आहे, म्हणून तोही सांगतो. विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं असेल, तर नाव शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. अमेरिकेतल्या संगणकशास्त्र, व्यवस्थापन आणि इतिहास या विषयांतल्या सुमारे १९,००० प्राध्यापकांची माहिती २०१५ साली तपासली गेली, तेव्हा केवळ एक चतुर्थांश संस्थांनी ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक पुरवलेले आढळले. व्यवस्थापन सल्ला, गुंतवणूक बँका, मोठ्या कायदा फर्म यांचं रिव्हेरा यांनी लिहूनच ठेवलंय. उलट सॉफ्टवेअर, डिझाइन, लेखन, चित्रीकरण अशा कामांत केलेली वस्तूच समोर ठेवता येते. तिथे नावाचा जोर लवकर ओसरतो. परवाना लागणाऱ्या व्यवसायांचं गणित वेगळंच. अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक व्हायला २०१३ पासून साधारण १,५०० तासांचं उड्डाण लागतं. मान्यताप्राप्त विमानविद्येची पदवी असेल तर १,००० तास चालतात. शिक्षण आणि अनुभव यांचा विनिमयदर इतका स्पष्ट लिहिलेलं दुसरं क्षेत्र मला आठवत नाही, आणि त्या दरात संस्थेच्या प्रतिष्ठेला जागाच नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक कंपन्यांनी पदवीची अट काढून टाकल्याचं जाहीर केलं. त्यावर फार विसंबू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ साली अमेरिकेतल्या अशा बदलांचा माग घेतला, तेव्हा त्यांचा प्रत्यक्ष परिणाम ७०० भरत्यांमागे एकापेक्षाही कमी ठिकाणी झालेला दिसला. जाहिरातीतली ओळ काढणं सोपं आहे. चाळणाऱ्याची सवय आणि त्याची ती भीती, जिच्याबद्दल वर लिहिलं, ती तशीच राहते.

आता थेट तुमच्याबद्दल.

पहिलं काम: ज्या पदावर तुम्हाला पाच-सात वर्षांनी पोचायचंय, त्या पदावर आज बसलेल्या लोकांचे बायोडेटा शोधा. लिंक्डइनवर तासाभरात वीस-पंचवीस सापडतील. त्यातले बहुतेक त्याच चार-पाच संस्थांतले असतील, तर ते दार नावानेच उघडतं आणि प्रवेश घेण्याला भक्कम कारण आहे. त्यात सगळीकडची माणसं असतील, तर ते तिथे कोणत्या कामातून पोचले ते पाहा. कुठल्याही सल्लागाराच्या मतापेक्षा, माझ्याही, या पाहणीला जास्त वजन द्या.

दुसरं, संस्थेला नेमके प्रश्न विचारा. सरासरी पगार विचारू नका. दोन-चार जणांना मिळालेल्या भल्यामोठ्या पॅकेजने सरासरी फुगते. मधला आकडा विचारा, म्हणजे निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली असतात तो. तो आकडा काढताना नोकरी न मिळालेले धरले होते का, हेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्यासारखी पार्श्वभूमी घेऊन आलेले, साधारण कॉलेज आणि तीन वर्षांचा अनुभव असलेले लोक नंतर कुठे लागले? अशा दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी स्वतः बोला. संस्थेने जोडून दिलेल्यांशी नको, तुम्ही शोधलेल्यांशी.

तिसरं, कर्ज. फीचा आकडा सगळे पाहतात, दोन वर्षांचा बुडालेला पगार बरेच जण विसरतात, आणि हप्त्याने येणारी बांधिलकी तर कुणीच मोजत नाही. कर्ज डोक्यावर असलेला माणूस पदवीनंतर सर्वांत जास्त पगार देणारी नोकरी घेतो, सर्वांत जास्त शिकवणारी घेत नाही. नावाचा मोठा फायदा म्हणजे चांगली पहिली जागा निवडण्याचं स्वातंत्र्य. कर्ज तेच स्वातंत्र्य खाणार असेल, तर व्यवहार तोट्याचा होऊ शकतो.

घरात किंवा ओळखीत या क्षेत्रातलं कुणीही नसेल, तर माझं पारडं प्रवेशाकडे झुकतं. तसंच सध्याच्या नोकरीत शिकणं थांबलं असेल आणि क्षेत्रच बदलायचं असेल तर. उलट, सध्याच्या जागी तुम्हाला निर्णय घ्यायला मिळतात, चुकलं तर सांगणारा वरिष्ठ आहे, आणि पुढच्या वर्षी मोठी जबाबदारी दिसतेय, तर ती दोन वर्षं सोडण्याआधी मी फार विचार करेन. असा वरिष्ठ मिळणं दुर्मीळ आहे. पदवी पुढेही घेता येते.

राहिलात, तर अनुभव बाहेरच्याला वाचता येईल असा करा. केलेल्या कामाची दर महिन्याला नोंद ठेवा: अडचण काय होती, पर्याय कोणते होते, मी काय ठरवलं, परिणाम काय झाला. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर न नेता हे लिहिता येतं. बायोडेटात ‘जबाबदाऱ्या सांभाळल्या’ असं लिहू नका, काय बदललं ते लिहा. ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय आणि जे आता दुसऱ्या कंपन्यांत आहेत, त्यांच्याशी संपर्क तुटू देऊ नका. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवलं होतं की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या ओळखींतून जास्त येते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांतून २०२२ साली तेच पुन्हा दिसलं, एवढी भर घालून की ओळख अगदीच पुसट असूनही चालत नाही.

गेलात, तर पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा की तिथलं नाव सगळ्या वर्गाला सारखंच मिळणार आहे. तुमच्याकडे त्याशिवाय तीन वर्षांचं काम आहे, जे सरळ कॉलेजातून आलेल्या मुलांकडे नसेल. इंटर्नशिप निवडताना कंपनीच्या नावापेक्षा काय करायला देणार ते पाहा. वर्गातली चर्चा तुमच्या जुन्या कामाशी जोडून बोला. प्राध्यापकांना आणि भरतीला येणाऱ्यांना अशी माणसं लक्षात राहतात.

माझ्या व्यवसायातल्या सहकाऱ्यांशीही थोडं बोलायचंय, कारण हा प्रश्न अर्ध्याहून जास्त आपण निर्माण केलाय. सगळ्यांना तेच ठरवलेले प्रश्न विचारून, उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देऊन घेतलेली मुलाखत पुढच्या कामगिरीचा अंदाज शैक्षणिक वर्षांपेक्षा आणि अनुभवाच्या वर्षांपेक्षा कितीतरी चांगला देते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या सगळ्या पद्धतींचे आकडे नव्याने तपासले, तेव्हा अशी मुलाखत, वरच्याच शून्य ते एकच्या मोजपट्टीवर, ०.४२ घेऊन पहिल्या क्रमांकावर होती. कामाचा छोटा नमुना करून घेण्याची चाचणीही वरच्या पद्धतींत होती. यासाठी वेळ लागतो हे मान्य. पण अनोळखी कॉलेजातली एक हुशार मुलगी पहिल्याच फेरीत गळते, तेव्हा तिचं किती नुकसान झालं हे आपल्याला कधी कळतही नाही. आपल्याला उशिरा कळणंसुद्धा नशिबात नसतं, म्हणून आपण सुधारतही नाही. शिक्षणसंस्थेचं नाव झाकून पहिली फेरी करून पाहा. अवघड वाटत असेल तर एका जागेपुरतं तरी करा.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट प्रश्न विचारणाऱ्यासाठी. बऱ्याच संस्था मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात, पण आपणहून तसं सांगत नाहीत. प्रवेश निश्चित करण्याची मुदत संपायच्या आत त्यांना ईमेल करून विचारा: एक वर्षाने आलो तर जागा आणि शिष्यवृत्ती दोन्ही टिकतात का, आणि त्यासाठी किती रक्कम आत्ता भरावी लागेल? उत्तर लेखी घ्या. ते हो म्हणाले, तर त्याच आठवड्यात सध्याच्या वरिष्ठांना भेटून पुढच्या वर्षी तुम्हाला कोणतं काम देणार आहेत ते स्पष्ट विचारा. दोन्ही उत्तरं हातात आली की तुमच्याकडे आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त माहिती असेल, आणि तोपर्यंत कुणालाही होकार किंवा राजीनामा देऊ नका.